कानपरीक्षा

१

जुने कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्या खटक्याने एक बटण दाबलं आणि तो चपापला.

बटण खाली गेलं, वर आलं, आवाजही झाला. पण तो ओल्या पुठ्ठ्यावर बोट मारल्यासारखा. त्याने दुसरं दाबलं, तिसरं दाबलं, मग आख्खी ओळ डावीकडून उजवीकडे बडवून काढली. सगळ्यांची तीच रड. या कीबोर्डचा आवाज म्हणजे वाळकी काटकी मोडावी तसा, काट्, आणि बोटाला खालून हलकासा झटका. तो आवाज आजच सकाळी याच खोलीत सगळ्यांनी ऐकला होता आणि वाहवा केली होती.

दिवे लागायची वेळ झाली होती. पाहुणे कधीच गेले होते, भाड्याने आणलेल्या खुर्च्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. उद्या मालकीणबाई कीबोर्ड न्यायला येणार म्हणून तो फक्त गुंडाळून ठेवायला बसला होता.

त्याने स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं आणि एक टोपी उपटली. टोपी म्हणजे अक्षर छापलेलं वरचं आवरण. तिच्या खाली असतो खटका, आणि कीबोर्डचा सगळा जीव त्या खटक्यात. या कीबोर्डच्या खटक्यांचे दांडे पांढरे होते. प्रत्येकात पोलादाचं एक पातं होतं, ते वाकून सुटलं की काट् व्हायचं. आता टोपीखाली काळा दांडा होता. कंपनीने शेवटी शेवटी खर्च वाचवायला जे साधे खटके घातले, त्यातला. तसले कीबोर्ड पैशाला पासरी मिळतात. पांढऱ्या दांड्यांचे कुठे उरलेच नाहीत, कंपनी बुडूनही जमाना झाला.

बाहेरून बघावं तर सगळं जागच्या जागी. पिवळट पडलेलं प्लास्टिक तेच, कोपऱ्यावरचा ओरखडा तोच, घासून गुळगुळीत झालेल्या टोप्या त्याच. चेहरा ठेवून कोणीतरी पोट पळवलं होतं.

आता जुन्या कीबोर्डपायी जीव टाकणारी ही जमात ज्यांना ठाऊक नाही त्यांना वाटेल, एवढं काय त्यात, नवा आणून द्या. पण खटक्याच्या डोळ्यांसमोर त्या बाईंची बोटं आली आणि त्याला खुर्चीत बसवेना.

बाई भाषांतरकार होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात त्यांच्या बोटांच्या टोकांची संवेदना गेली, ती परत आली नाही. साध्या कीबोर्डवर त्यांना बटण दाबलं गेलं की नाही हेच कळत नसे. या एका जुन्या धुडाचा झटका मनगटापर्यंत पोचायचा आणि आवाज कानापर्यंत, त्यावर त्यांचं काम चालायचं. त्यातली चार अक्षरं उठेनाशी झाली म्हणून त्यांनी तो खटक्याकडे आणला. "दुसऱ्या कशावर मला लिहिता येत नाही हो," त्या म्हणाल्या होत्या. "अन् एक. तो खालचा लांब स्पेसबार खुळखुळतो ना, तो तसाच राहू द्या. अंगठ्याला काही कळत नाही माझ्या. खुळ् झालं की समजते, जागा सुटली."

खटक्याने चार अक्षरं डाख देऊन जिवंत केली होती. खुळखुळ राहू दिली होती. आणि उद्या बाईंसमोर कुठलं तोंड घेऊन जायचं, तेच त्याला समजत नव्हतं. चोर म्हणतील. त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही म्हटलं असतं.

मागून वहिनीचा आवाज आला. "भाऊजी, हा कीबोर्ड आज असा कण्हतोय का?"

२

वहिनी म्हणजे खटक्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ फिरतीवर, आणि घराची पुढची खोली धाकट्या दिराच्या भंगाराने भरलेली; दुसरी कोणी असती तर कधीच सगळं गच्चीवरून खाली फेकलं असतं. वहिनी कानाच्या दवाखान्यात नोकरीला होती. लोकांना बंद खोलीत बसवून, कानावर यंत्र चढवून बारीक बारीक आवाज ऐकवायचे आणि कोणाला काय ऐकू येतं ते बघायचं, हे तिचं काम. तिला कीबोर्डमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पुढच्या खोलीच्या भिंतीपलीकडे स्वयंपाक करताना आठवडाभर खटक्याने काय काय बडवलं ते तिला पाठ होतं.

खटक्याने सांगितलेलं तिने उभ्यानेच ऐकलं. मग खुर्ची ओढून बसली.

"आज कोण कोण होतं?"

"आमचंच मंडळ. सर, दातवाले डॉक्टर आणि टोपीवाली."

मंडळ चौघांचंच. महिन्यातून एकदा जमायचं, आपापले कीबोर्ड मांडायचे, आणि मग त्यांचा लाडका खेळ, कानपरीक्षा. तिघांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं, चौथ्याने पडद्यामागे एकेका कीबोर्डवर नेहमीचं ठरलेलं वाक्य टाइप करायचं, आणि बाकीच्यांनी नुसत्या आवाजावरून कीबोर्ड ओळखायचा. पडद्यामागे कायम सर. सर वयाने मोठे, निवृत्त संगणक-शिक्षक. खटक्याला डाख द्यायला त्यांनीच शिकवलं. आज बाईंच्या कीबोर्डने सगळ्यांवर कडी केली होती. पहिलाच शब्द वाजला आणि तिघेही एकदम ओरडले होते.

"म्हणजे तेव्हा तो खरा होता," वहिनी म्हणाली.

"शंभर टक्के. तो आवाज दुसऱ्या कशाचा नसतोच. नंतर आम्ही गच्चीवर खायला गेलो. मी आणि सर शेवटपर्यंत एकत्र होतो. डॉक्टर फोन आला म्हणून खालीच थांबले. ते वर आले आणि टोपीवाली फोटो काढायला खाली गेली." खटक्याने आवाज खाली आणला. "डॉक्टर कधीपासून त्या कीबोर्डच्या मागे आहेत. बाईंना विचारून बघ, मागतील ते देतो, असं मला दोनदा म्हणाले."

"आणि आजच्या आधी? काल?"

"काल तर कोणीच नाही. सर तेवढे मदतीला आले होते. ते मांडामांड करत बसले, मी खुर्च्या आणि पडद्याचं कापड आणायला गेलो. सरांकडे किल्ली असतेच इथली." त्याने मोबाइल उचलला. "मी डॉक्टरांना आत्ता विचारतो, सरळ."

वहिनीने मोबाइल काढून घेतला. "विचारायला जाऊ. पण आधी त्यांना बोलू द्यायचं. माणसाला चोर म्हटलं की तो काही सांगत नाही, नुसता भांडतो."

तेवढ्यात तिच्या हातातच तो वाजला. भाषांतरकार बाई. उद्या दुपारी नाही, सकाळीच येते म्हणाल्या. काम फार तुंबलंय.

३

डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळचा चालू होता. एक पेशंट गाल धरून बाहेर गेला आणि डॉक्टरांनी दोघांना आत घेतलं. खटक्याने थोडक्यात सांगितलं. डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला दिसला.

"म्हणजे माझ्यावर संशय आहे."

"विचारतोय," वहिनी म्हणाली. "तुम्ही एकटे होतात ना खोलीत?"

"होतो. फोन झाला, मग जरा त्याच्याकडे बघत बसलो. हात नाही लावला." ते खजील होऊन हसले. "लावला असता तर मग मी सोडला नसता, मला माहीत आहे माझं. बाईच्या कामाची वस्तू, असं स्वतःला बजावलं आणि गच्चीवर गेलो."

"सकाळचा आवाज आठवतोय?"

"आठवतोय का? अहो, कानात बसलाय." त्यांचे डोळे चमकले, क्षणभर ते संशयित असल्याचंच विसरले. "काय आवाज होता! प्रत्येक बटण सुटं, टणक. कुठे खडखड नाही, कुठे थरथर नाही, शेवटपर्यंत एकसारखा. इतका जुना कीबोर्ड आणि हाडं इतकी घट्ट. मी खटक्याला म्हणणार होतो, हात आहेत तुझे."

खटक्या एरवी या कौतुकाने फुगला असता. आज त्याला ते टोचलं.

"तुमच्यानंतर?" वहिनीने विचारलं.

डॉक्टर थोडे घुटमळले. "सांगू नये, पण सांगतो. मोबाइल विसरला म्हणून मी पुन्हा खाली आलो होतो. टोपीवाली आत होती आणि दाराला आतून कडी होती."

४

टोपीवाली राळेच्या रंगीत टोप्या ओतून विकायची. तिच्या खोलीत वास कोंडलेला, टेबलावर साचे, खिडकीत वाळत घातलेल्या बटणांच्या रांगा. कडीचा विषय निघताच ती रडकुंडीला आली.

"मी ठसा घेत होते," ती म्हणाली. "बाईंच्या एका टोपीचा. इतकी सुंदर झिजलीय ती, बोटाचा खळगा पडलाय तिच्यात. कोणाला न विचारता घेतला, म्हणून कडी लावली. खटक्या, मी विचारायला हवं होतं. पण तू नाही म्हणाला असतास."

तिने साचा पुढे केला. निळ्या मऊ रबरात एका टोपीची खूण होती, खळग्यासकट.

"म्हणजे तू टोपी उपटलीस," खटक्या म्हणाला. "मग खाली दांडा कुठल्या रंगाचा होता?"

"काळा. का?"

खटक्या खाली बसला. टोपीवालीला खटक्यांशी काही देणंघेणं नसे, तिचं सगळं लक्ष टोप्यांवर. तिने दांडा पाहिला आणि तो काळा असण्यात काही विपरीत आहे हे तिच्या डोक्यातही आलं नाही. म्हणजे ती आत गेली तेव्हा चोरी होऊन गेली होती. आणि तिच्या आधी खोलीत होते फक्त डॉक्टर.

"झालं," जिना उतरताना तो म्हणाला. "डॉक्टरच."

"पोट बदलायला किती वेळ लागतो?"

"सगळ्या टोप्या काढायच्या, खटके जडवलेल्या दुसऱ्या पत्र्यावर एकेक बसवायच्या, वायर जोडायची. घाई केली तरी तासभर."

"आणि डॉक्टर किती वेळ खाली होते?"

खटक्या जिन्यातच थांबला. डॉक्टर वर आले तेव्हा त्याच्या स्वतःच्या बशीतलं पहिलं वाढलेलंही संपलं नव्हतं.

"मग कोणी?" तो म्हणाला. "डॉक्टरांना वेळ नव्हता. टोपीवालीच्या आधीच झालंय. सर माझ्याबरोबर. कानपरीक्षेत तर तो खरा होता." त्याने हिशेब पुन्हा लावून पाहिला आणि त्याच्या पाचावर धारण बसली. "वहिनी, बाई पोलिसात गेल्या तर उरतो फक्त मी."

५

सरांनी दार उघडलं आणि खटक्याचा चेहरा बघूनच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताने खटक्याचे डोळे भरून आले. लहान मुलाने पडून आल्यावर सांगावं तसं त्याने सगळं सांगितलं.

सरांची खोली म्हणजे देवघर. चारही भिंतींना फळ्या, फळ्यांवर कीबोर्ड, प्रत्येकावर पांढरं कापड. कोणी हात लावायचा नाही, सरसुद्धा लावायचे नाहीत. धूळ झटकायला वेगळा कुंचला होता. खोलीत इतकी शांतता की खिडकीची एक सैल काच वाऱ्याने हलत होती तेवढीच ऐकू येत होती.

"डॉक्टरचं काम असणार," सर हळूच म्हणाले. "पण सिद्ध करता येणार नाही. खटक्या, माझं ऐक. बाईंना सांग, दुरुस्ती करताना आतला पत्रा गेला, दुसरा बसवून दिला. चूक कबूल केली की माणसं माफ करतात."

"त्यांना त्यावर लिहिता येणार नाही, सर."

"सवय होईल. मऊ आहे की तो, आजारी बोटांना बरा." बोलता बोलता सर उठले, कागदाची एक घडी केली, खिडकीपाशी जाऊन ती काचेच्या फटीत दाबून बसवली. काच गप्प झाली. सर परत येऊन बसले आणि वाक्य पुढे चालू केलं. "काही दिवस चिडतील, मग विसरतील."

वहिनी त्या घडीकडे बघत होती.

"सर, असा दुसरा कीबोर्ड कोणाकडे असेल का? पांढऱ्या दांड्यांचा?"

"या गावात तो एकच. मी आयुष्यभर शोधला, मला नाही मिळाला."

"आणि आज पडद्यामागे तुम्ही नेहमीचंच वाक्य टाइप केलंत? पूर्ण?"

"पूर्ण. का?"

"सहज." वहिनी उठली. "मी स्वयंपाकघरात होते ना, नीट ऐकू आलं नाही."

खटक्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. वहिनीला ऐकू आलं नाही हे वाक्य त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "उद्या बाई यायच्या आत सगळ्यांना बोलवा. म्हणावं, वहिनीला एकदा कानपरीक्षा घ्यायचीय."

६

खटक्याला रात्रभर नीट झोप लागली नाही. सकाळी सगळे आले, ते लग्नाला नव्हे, मयताला आल्यासारखे. डॉक्टर आणि टोपीवाली एकमेकांकडे बघत नव्हते. सर जिना चढून दमले होते. वहिनीने सर्वांना, सरांनाही, भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः पडद्यामागे गेली. खटक्याचं एक मन दारावरच्या घंटीकडे होतं.

"मला टाइप करता येत नाही," आतून आवाज आला. "मी एकच बटण दाबणार. सांगा, काल बाईंच्या कीबोर्डवर हा आवाज होता का?"

खुळ्.

पुन्हा, खुळ्. पत्र्याच्या डब्यात खिळा हलल्यासारखा.

"छे," डॉक्टर लगेच म्हणाले. "हा स्पेसबार सैल आहे. काल असलं काही नव्हतं."

"नव्हतं," टोपीवाली म्हणाली. "असता तर मी दात-ओठ खाल्ले असते. असल्या खुळखुळीने माझ्या अंगावर काटा येतो."

वहिनी पडदा सारून बाहेर आली. तिच्या हातात बाईंचाच कीबोर्ड होता.

खटक्याला प्रथम काही उमजेना. मग लख्ख उमगलं. खुळखुळ! बाईंनी बजावून ठेवायला लावलेली खुळखुळ. काल भिंतीकडे तोंड करून तो छाती फुगवून बसला होता, आणि त्याच्या कानांना तिची उणीव जाणवली नव्हती.

"तुम्हा कोणाला चुकल्यासारखं वाटलं नाही, यात नवल नाही," वहिनी म्हणाली. "आमच्याकडे तपासणीत लोक आवाज नसतानाही बटण दाबतात, कारण त्यांना वाटतं आता आवाज यायला हवा. माणूस अपेक्षेने ऐकतो. तुमच्या मंडळात खुळखुळ म्हणजे रोग. घरी आणला की पहिल्यांदा तुम्ही तीच घालवता. त्यामुळे ती नव्हती तेव्हा तुम्हाला सगळं ठीकच वाटलं. मी मात्र आठवडाभर भिंतीपलीकडून या कीबोर्डची प्रत्येक जागा खुळ् होताना ऐकली होती. काल पडद्यामागून काट् काट् आलं, पण जागा गप्प होत्या. मला वाटलं, भाऊजींनी दुरुस्त केली असेल. संध्याकाळी कळलं, नव्हती केली."

"म्हणजे काल वाजला तो हा नव्हता," डॉक्टर सावकाश म्हणाले.

"चेहरा हा नव्हता. पोट याचंच होतं, पण दुसऱ्या कोणाच्या तरी प्लास्टिकमध्ये, दुसऱ्या टोप्या लावून. चोरी काल झाली नाही, परवाच झाली. हा इथे मुका पडून होता, म्हणून हिला काळा दांडा दिसला. पण कानपरीक्षेत याला वाजवावं लागणारच होतं. मुका आवाज आला असता तर तिथल्या तिथे बिंग फुटलं असतं. म्हणून पळवलेला पडद्यामागे आणून वाजवला, आणि नेला. तिघांनी शपथेवर सांगितलं, तेव्हा तो खरा होता. मग संशय कोणावर, तर नंतर खोलीत गेला त्याच्यावर."

"पडद्यामागे फक्त," टोपीवाली म्हणाली आणि तिने वाक्य पुरं केलं नाही.

खटक्याला मान वळवायची नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर परवाची दुपार होती, खुर्च्या आणायला जाताना सर म्हणाले होते, सावकाश ये, मी आहे.

"ज्याने हे केलं त्याला बाईंची अट भाऊजींकडून कळली होती," वहिनी म्हणाली. "बदली पोटातली खुळखुळ त्याने मुद्दाम तशीच ठेवली. दाखवायच्या कीबोर्डची खुळखुळ राखली. पण पळवलेला रात्री घरी नेला, आणि हात स्वस्थ राहिले नाहीत. काल बोलता बोलता खिडकीच्या काचेचं जे केलंत तेच तुम्ही त्याचं केलंत, सर."

सर भिंतीकडेच तोंड करून बसले होते.

"पट्टी चिकटवली," ते म्हणाले. "स्पेसबारच्या तारेखाली, मलमपट्टीची. मला कळलंसुद्धा नाही मी कधी चिकटवली ते."

दाराची घंटी वाजली.

७

बाई आत आल्या, बसल्या, पाणी घेतलं. सर त्यांच्या बाजूने चटकन खाली उतरून गेले होते. खटक्या म्हणाला, थोडं काम राहिलंय, एवढ्यात होईल. सर परत येतील का? की दार लावून त्या पांढऱ्या कापडांमध्ये बसून राहतील? डॉक्टर खिडकीशी उभे राहून रस्ता बघत होते. बाईंनी मांडीवर दोन्ही हात ठेवले होते आणि त्या बोटं एकमेकांवर घासत होत्या, तिथे काही आहे का हे बघितल्यासारखं.

शेवटी जिन्यावर पावलं वाजली. खटक्या दारातच त्यांना आडवा गेला.

"का, सर?" त्याने हळू विचारलं. "माझ्यावर येईल हे तुम्हाला दिसत नव्हतं?"

"डॉक्टरवर येईल वाटलं. तो श्रीमंत आहे, निभावेल." सरांनी पिशवी छातीशी धरली होती. "ती बाई रोज दिवसभर बडवणार तो, खटक्या. एकेक पातं तुटत जाणार. शेवटचा आहे रे. माझ्याकडे राहिला असता तर टिकला असता."

"तुम्हीच शिकवलंत, न वाजणारा खटका गंजतो म्हणून."

सर आत जाऊन टेबलाशी बसले आणि पिशवीतून कीबोर्ड काढला. पेचकस त्यांनीच घेतला, खटक्याने दिला नाही. एकेक टोपी काढून त्यांनी खरं पोट जुन्या चेहऱ्याखाली बसवलं. एकही चूक झाली नाही. शेवटी स्पेसबारची तार उचलली, आणि तिच्याखालच्या चिकटपट्टीचे दोन तुकडे नखाने सोलून काढले. तेवढं करताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्याच अंगावरची पट्टी ओढत होतं.

"बाई," ते म्हणाले, "मी यातली खुळखुळ काढली होती. तुम्हाला न विचारता. परत घातली आहे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे. पुष्कळ काही कळलं असावं. त्यांनी खुर्ची पुढे घेतली, बधिर बोटं टोप्यांच्या खळग्यांत ठेवली आणि लिहायला सुरुवात केली.

काट् काट् काट्, खुळ्. काट् काट्, खुळ्. मध्येच त्या थांबल्या, शब्द शोधत राहिल्या, एक शब्द खोडला, पुन्हा वेगाने निघाल्या. त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "हं," त्या म्हणाल्या, "आता कळतंय." डॉक्टरांनी डोळे पुसले आणि टोपीवालीने, न विचारता घेतलेला ठसा मुकाट्याने टेबलावर आणून ठेवला.

सरांनी किल्लीच्या जुडग्यातून खटक्याच्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. प्रत्येक खुळ्सरशी त्यांची बोटं आपोआप आवळत होती.

"काय झालं, सर?" वहिनीने विचारलं.

"इतकी वर्षं मी तेच ते एक वाक्य वाजवत आलो," सर म्हणाले. "कोणी खरंच काही लिहीत असतं तेव्हा तो असा थांबतो, अडखळतो, हे मला माहीतच नव्हतं."

खटक्याने टेबलावरची किल्ली उचलून आपल्या खिशात टाकली. सरांकडे बघायचं त्याने टाळलं. मग भाड्याच्या खुर्च्या परत करायच्या राहिल्यात हे आठवून तो भिंतीपाशी गेला आणि त्याने दोन उचलल्या. सर दारातून मागे वळले, न विचारता उरलेल्या दोन त्यांनी घेतल्या. खटक्या हो म्हणाला नाही आणि नकोही म्हणाला नाही. दोघे जिना उतरायला लागले आणि खालच्या दारापर्यंत त्यांना वरून खुळखुळ ऐकू येत होती.